माझ्या आवाजाने निजणारे घोडे

४ मार्च

वीस वर्षं लोकांना सांगत आलो की रोज चार ओळी लिहा, माणूस स्वतःला सापडतो. मी स्वतः कधी लिहिल्या नाहीत, कारण मी हरवलोच नव्हतो. सध्याही हरवलेलो नाही. कंपनीने ट्रेनिंग डिपार्टमेंट बंद केलं, इतकंच. डिपार्टमेंटमध्ये मी एकटाच होतो, त्यामुळे बघणाऱ्याचा गैरसमज होतो.

त्यानंतर दोन ठिकाणी काम केलं. दोन्हीकडची माणसं माझ्या लेव्हलची नव्हती.

उद्यापासून हिच्या दादाच्या हॉस्पिटलमध्ये मदतीला जाणार. मेहुणा घोड्यांचा डॉक्टर आहे. मी मदत म्हणतो, ही नोकरी म्हणते. असंही म्हणाली की दादापुढे तोंड वेंगाडायची ही माझी शेवटची वेळ, इथेही काही झालं तर पुढचं तुमचं तुम्ही बघा. काळजी दाखवायची प्रत्येकाची पद्धत वेगळी असते.

संकल्प: हॉस्पिटलची व्यवस्था सुधारणे. पोट कमी करणे. हे करताना मेहुण्याला कमीपणा वाटू न देणे.

५ मार्च

फरसबंद अंगण, दोन बाजूंना तबेले, मधे ऑपरेशनची खोली. तिला लागून आणखी एक खोली, जिच्या चारी भिंतींना आणि जमिनीवर जाड गाद्या आहेत. तिला सगळे गादीची खोली म्हणतात. मी म्हटलं, चला, दुपारी पडायची सोय झाली. कोणी हसलं नाही. टीम स्पिरिटवर काम करावं लागणार.

मेहुण्याने मला उभं करून समजावलं. घोड्याला भूल देणं त्यामानाने सोपं, त्याला पुन्हा उभं करणं अवघड. पाचशे किलोचं भित्रं जनावर. अंगातलं औषध पुरतं उतरायच्या आत दचकून उठायला गेलं की पाय लटपटतात, कोसळतं, परत उठायला बघतं. त्यात पाय मोडला की घोडा संपला, त्यावर इलाज नाही. म्हणून ऑपरेशन झालं की त्याला गादीच्या खोलीत अंधार करून ठेवायचं, डोळ्यांवर टॉवेल टाकायचा आणि आवाज करायचा नाही. कसलाच नाही. हे तो फिरून फिरून सांगत होता. प्रेझेंटेशन फारच विस्कळीत. मी असतो तर तीन मुद्द्यांत आटपलं असतं.

भूल देणाऱ्या डॉक्टर एक मॅडम आहेत. अगदी कमी बोलतात. सांगण्यासारखं नसेल काही.

माझं काम: मॅडम इंजेक्शन देतात तेव्हा घोड्याचं डोकं धरणे.

८ मार्च

मधले दोन दिवस लिहायचं राहिलं. तबेल्यात भूक फार लागते आणि जेवलं की डोळे मिटतात. पोटाचा संकल्प पुढच्या महिन्यात.

आज जे घडलं ते शांतपणे लिहून ठेवायला हवं.

काळा घोडा, शर्यतीतून रिटायर झालेला. कान मागे पाडलेले, डोळे पांढरे केलेले, मोतद्दाराला त्याने भिंतीशी दाबून धरलं होतं. मॅडमनी मानेच्या शिरेत एक इंजेक्शन दिलं आणि चार पावलं मागे जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांनी हात टेकले असं मी समजलो. मग मलाच पुढे व्हावं लागलं. त्याच्या कानाशी, माझ्या ट्रेनिंगच्या आवाजात, म्हणालो की मित्रा, तू एकटा नाहीस.

घोड्याची मान हळूहळू खाली यायला लागली. थेट गुडघ्यांपर्यंत. खालचा ओठ लोंबला. कंपनीत वीस वर्षांत मला कोणी इतकं वाकून मानलं नव्हतं.

मग मॅडमनी दुसरं इंजेक्शन दिलं. घोडा मागच्या पायांवर बसला आणि कुशीवर आडवा झाला. तेव्हाही मी बोलतच होतो. आणि डोळे उघडे. ऑपरेशन चालू असताना तो डोळे उघडे ठेवून माझं ऐकत होता. मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या की पहिलं इंजेक्शन सुस्तीचं असतं, मान खाली येईपर्यंत थांबायचं असतं. दुसऱ्याने तो झोपतो, आणि त्या औषधात डोळे उघडेच राहतात, त्याला कळत काही नाही. असेल. त्यांनी शिक्षण घेतलंय, त्यांना तसंच दिसणार. पण पापणी लवली ती नेमकी माझ्या वाक्यावर लवली.

९ मार्च

सकाळी दात घासताना उलगडा झाला.

माझ्या ट्रेनिंगला लोक झोपायचे. पहिल्या रांगेतले सुद्धा. एकदा रिजनल मॅनेजर खुर्चीवरून घसरून पडले होते. तेव्हा मला वाईट वाटायचं. रजा टाकाव्याशा वाटायच्या. कंपनीने तर त्याच कारणासाठी, म्हणजे जे केलं ते केलं. आता कळतं की ती देणगी होती. फक्त चुकीच्या प्राण्यांवर वापरत होतो.

आरशात बघून हसलो. पेस्ट शर्टावर सांडली.

१२ मार्च

आणखी तीन घोडे. तिघांनीही मान झुकवली. मी बोलायला सुरुवात केली की मिनिटा-दोन मिनिटांत. एकदा मला शिंक आली म्हणून सुरुवात उशिरा झाली, तर घोडा माझ्या आधीच झुकला. म्हणजे आता त्यांना नुसतं माझं येणंही पुरतं.

घरी सांगितलं. ही भाजी निवडत होती, निवडतच राहिली. लेकीने विचारलं की बाबा, इंजेक्शन न दिलेला एखादा घोडा तुमच्यापुढे कधी झुकलाय का. लेक कॉलेजात सायन्स शिकते. शिकलेल्या माणसांचं हे असंच असतं, समोर दिसतंय ते सोडून नको तिथे बोट ठेवतात.

१३ मार्च

लेकीचं समाधान व्हावं म्हणून आज तबेल्यात एका जाग्या तट्टावर प्रयोग केला. बराच वेळ बोललो. त्याने माझ्याकडे पाठ केली आणि भरपूर लघवी केली. मोतद्दाराला विचारलं, घोडा निश्चिंत कधी असतो. तो म्हणाला, निश्चिंत असला की मुततो. प्रयोग यशस्वी. बूट उन्हात ठेवलेत.

१५ मार्च

व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. ‘अश्वसंवादक’. खाली बारीक अक्षरात ‘स्पर्श, स्वर, विश्वास’. हिला अजून सांगितलेलं नाही. मेहुण्यालाही नाही, त्याला वाटेल मी त्याच्या प्रॅक्टिसवर डोळा ठेवलाय. तसा माझा स्वभाव नाही. फार तर मोठ्या बोर्डाखाली एक छोटा बोर्ड.

१९ मार्च

प्रगती.

ऑपरेशननंतर घोडा गादीच्या खोलीत असतो तेव्हा दाराच्या झडपेतून त्याच्यावर कोणीतरी लक्ष ठेवायचं असतं. मेहुणा हात धुवायला, कपडे बदलायला जातो, मॅडम आपली औषधं आवरतात. झडपेशी आता मी असतो. मेहुणा बजावून गेला की भाऊजी, तुम्ही फक्त बघायचं. हलला की मला बोलवा. स्वतः काही करायचं नाही.

पण एक घोडा असा अंधारात पडलेला, डोळ्यांवर टॉवेल, मनात न्यूनगंड. माणसाला मी असा पडू दिला असता का? झडपेला तोंड लावून अगदी हळू म्हणालो, ऊठ. तुझी वेळ आली आहे. तू करू शकतोस.

आणि तो उठायला लागला. मेहुण्याच्या हिशोबाने चांगला तासभर पडून राहतात, हा वीस मिनिटांतच. पहिल्यांदा भिंतीवर आपटला, दुसऱ्यांदा तोंडावर, तिसऱ्यांदा उभा राहिला. भुवई सोलली. मेहुणा धावत आला, चेहरा पांढराफटक. मला वाटलं कौतुक करेल. त्याने घोड्याचे चारही पाय चाचपले आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

इतका वेग पचायला त्यांना थोडा वेळ द्यायला हवा.

२३ मार्च

दुसरा घोडा. हाही लवकर उठला. ओठ फाटला, दोन टाके. मॅडम म्हणाल्या, हे नीट होत नाहीये, आधी असं होत नव्हतं. औषधाच्या नव्या बाटल्या बाजूला काढून ठेवल्यात. घोड्याचं वजन अंदाजाने न धरता छातीला फीत लावून पुन्हा काढतात. जेवणाच्या सुट्टीत तशाच बसून होत्या, डबा उघडला नाही.

मी त्यांच्या शेजारी बसून धीर दिला. म्हटलं, अपयश ही पहिली पायरी असते. मलाच त्यांची दया आली. आपल्या औषधापेक्षा दुसऱ्याचे शब्द जास्त चालतात हे कळलं तर किती लागेल त्यांना. म्हणून नाही सांगितलं. मोठेपणा हा असा, कोणाला न दिसणारा.

२६ मार्च

नवीन फतवा. आजपासून घोडा आडवा झाला की त्याच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालायचे. मॅडमचं म्हणणं, या औषधांत घोड्याला आवाज फार टोचतो, अर्धवट शुद्धीत तर जास्तच, आणि कुठूनतरी आवाज होत असावा. सगळ्यांना विचारलं. मलाही विचारलं की तुम्ही झडपेशी असता, तुम्ही बोलता का.

मी नाही म्हणालो. कुजबुजणं म्हणजे बोलणं नव्हे.

बोळे घालायचं काम कोणाला दिलं? डोकं मी धरतो, म्हणून मला. माझ्याच हाताने माझ्याच तोंडाला कुलूप. पोटदुखी म्हणतात ती हीच.

२७ मार्च

कापूस घातलेला घोडा. झडपेतून बराच वेळ बोललो, काही उपयोग नाही. ढिम्म पडून. तासाभराने छातीवर बसला, आणखी थोडा वेळ तसाच, मग एका झटक्यात उठून उभा. मेहुण्याच्या जिवात जीव आला. मॅडमनी डबा खाल्ला. मला त्या उठण्यात काही दम वाटला नाही. प्रेरणा नव्हती त्यात.

२९ मार्च

आज घोडेस्वारी शिकवणाऱ्या बाई आल्या. साठीच्या असतील, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. बरोबर तांबड्या रंगाची म्हातारी घोडी, तिला तांबडीच म्हणतात. मागच्या मांडीत आतल्या बाजूला गाठ आहे, ती काढायची. काम छोटं आहे, नुसत्या इंजेक्शनांवर होईल, भुलीचा गॅस लागणार नाही असं मेहुणा म्हणाला.

बाईंचा एकच प्रश्न होता: ती उठेल ना? मेहुण्याला विचारलं, मॅडमना विचारलं. दोघांनीही डॉक्टरी उत्तरं दिली, शक्यता वगैरे. बाई सांगत होत्या की आजवर ज्या ज्या मुलांना घोड्याची भीती वाटली त्या सगळ्यांना हिच्यावर बसवलं. हिने एकाला पाडलं नाही. दुसरे घोडे आहेत, पण घरी गेल्यावर मी बोलते ती हिच्याशी.

मला राहवलं नाही. त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, बाई, ती उठेल. माझी गॅरंटी. आणि कार्ड दिलं.

त्यांनी ते वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं. म्हणाल्या, तुम्ही तिच्याजवळ असाल का? मी म्हटलं, शेवटपर्यंत. त्यांनी माझा हात धरला, दोन्ही हातांनी. घरी येईपर्यंत मी तो हात खिशात घातला नाही.

इतक्या वर्षांत मला कोणी असं विचारलं नव्हतं. आता मागे हटणं नाही.

१ एप्रिल

उद्या तांबडी.

विचार करून मार्ग काढला आहे. मॅडमचा मान राखायचा आणि बाईंना दिलेला शब्दही. घोडी डाव्या कुशीवर असेल, वरचा कान उजवा. डाव्यात बोळा घालायचा. उजव्यात घातल्यासारखं करायचं आणि बोळा खिशात ठेवायचा. एक कान त्यांचा, एक माझा. कंपनीत याला विन-विन म्हणायचे.

भाषणाची तयारी केली. लेकीने दाराबाहेरून विचारलं की बाबा, कोणाशी बोलताय. म्हटलं, भविष्याशी.

२ एप्रिल

ठरल्याप्रमाणे झालं. म्हणजे जवळजवळ.

तांबडीने मान झुकवली, आडवी झाली, कान ठरल्याप्रमाणे. गाठ निघाली. गादीच्या खोलीत आणली. मेहुणा हात धुवायला गेला. बाई अंगणात बाकावर बसल्या होत्या, मी त्यांना अंगठा दाखवला. मग झडपेशी गेलो आणि सुरुवात केली.

तिचा कान हलला. उजवा. माझ्याकडे वळला. आजवर एकाही घोड्याने कान वळवला नव्हता. मी आवाज थोडा वाढवला. हे कोणीही केलं असतं.

ती उठली. उठली म्हणजे पुढून उठली, मागचे पाय आलेच नाहीत. डोक्यावर आपटली. टॉवेल उडाला. पुन्हा उठली. मी सांगत होतो, शाबास, आणखी एकदा, थांबू नकोस. ती थांबत नव्हती. भिंत हलत होती. मांडीचे टाके उसवले आणि गादीवर लाल पट्टे उठले. मला वाटलं मी आता गप्प बसावं, पण तिला मधेच सोडून देणं बरं दिसलं नसतं.

मेहुणा मला ढकलून आत गेला. तिच्या मानेवर आडवा पडून तिला खाली दाबून धरलं. तिने एकदा उसळी मारली, तो भिंतीवर गेला, परत येऊन तसाच मानेवर पडला. मॅडमनी पळत येऊन मानेत पुन्हा सुस्तीचं इंजेक्शन दिलं. मग सगळं शांत. पुढे ती उठली, तीन पायांवर. पाय मोडलेला नाही. पाय मोडलेला नाही हे मी बाईंना लगेच जाऊन सांगितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

मेहुण्याच्या खांद्याचं हाड मोडलंय. हॉस्पिटलमध्ये नेला. माणसांच्या.

३ एप्रिल

शांतपणे विचार केला तर यात बऱ्याच गोष्टी आहेत. मांडीचे टाके बारीक दोऱ्याने घातले होते. गाद्या जुन्या आहेत, हे मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं असतं, कोणी विचारलं नाही. शिवाय मेहुण्याने आत उडी मारायला नको होती. त्याने दचकली ती.

मॅडमनी सकाळी विचारलं, उजव्या कानात बोळा नव्हता, कुठे गेला. म्हटलं, आपटताना पडला असेल. त्या म्हणाल्या, खोली झाडली, बोळा सापडला नाही. मग निघून गेल्या. वाद घालत नाहीत, हा एक गुण आहे.

४ एप्रिल

मेहुण्याला भेटायला गेलो. हाताला झोळी, चेहरा उतरलेला. ही उशाशी बसली होती. मॅडम आल्या होत्या. बाईही होत्या, कोपऱ्यात. मेहुणा म्हणत होता की मॅडम, चूक माझी, मी तेवढ्यात हात धुवायला जायला नको होतं. मॅडम म्हणत होत्या, नाही, माझाच डोस कमी पडला असेल, आता मी घोड्यांचं काम बंद करते. पंधरा वर्षं केलं, पुरे झालं.

सगळे आपापल्या अंगावर घेत होते. मला कोणी काही म्हणत नव्हतं. जणू मी त्या खोलीत नव्हतोच. याचं मला वाईट वाटलं, आणि त्या भरात म्हणून गेलो की डोस बरोबर होता, ती माझं ऐकत होती. उजवा कान मी मुद्दाम मोकळा ठेवला होता म्हणून तर ती इतक्या लवकर उठायला धजली.

 

मॅडमनी तोंडावर हात ठेवला आणि रडल्या. मला वाटतं सुटल्यासारखं वाटलं असेल त्यांना. मेहुण्याने छताकडे बघितलं आणि म्हणाला, भाऊजी, आधीच्या दोन घोड्यांच्या वेळीही? मी म्हटलं, त्यांच्या वेळी कापसाची पद्धत सुरू व्हायची होती.

बाई उठून माझ्यासमोर आल्या. पर्समधून माझं कार्ड काढलं, माझ्या हातात दिलं आणि बाहेर गेल्या. फाडलं नव्हतं. जसं दिलं होतं तसं, कोपरेसुद्धा दुमडलेले नव्हते.

येताना रिक्षात ही माझ्या शेजारी बसली नाही. पुढे ड्रायव्हरजवळ बसली.

६ एप्रिल

ही दोन दिवस दादाकडे. लेक आणि मी. लेक स्वयंपाक करते, ताट ठेवते, अभ्यासाला बसते. मी बोलायला लागलो की कानात ते गाण्यांचं घालते.

मेहुण्याचा फोन आला, मला नाही, लेकीला. तांबडीच्या मांडीची जखम उघडी राहिली तर सडेल. परत भूल द्यायची, परत टाके घालायचे. टाके घालायला बाहेरचा डॉक्टर बोलावलाय, मेहुणा खुर्चीत बसून सांगणार. भूल मॅडमच देणार. द्यायला तयार नव्हत्या, बाईंनी स्वतः जाऊन विनंती केली. इतक्या लवकर दुसऱ्यांदा धोका जास्त. आधीच एका पायावर भार देत नाही. या वेळी धडपडली तर पाय राहणार नाही, असं मेहुणा म्हणाला.

आणि मी त्या दिवशी घरी थांबायचं.

७ एप्रिल

माझा अनुभव वाया जाऊ नये म्हणून फोनवर एक संदेश रेकॉर्ड केला. पाऊण तासाचा. भाषा सौम्य ठेवली, यात उठण्याचा आग्रह कुठेही नाही, फक्त विश्वास. लेकीला म्हटलं, मामाला पाठव. तिने फोन हातात घेतला, थोडं ऐकलं आणि पुसून टाकलं. ओरडली नाही, पाय आपटले नाहीत. मग म्हणाली, बाबा, ती मेली असती. एवढंच. आणि माझ्या शेजारी बसून राहिली.

लहानपणी मला ताप आला की अशी बसायची.

९ एप्रिल

सकाळी सगळे गेले. लेकसुद्धा.

घरात काय करायचं. पेपर वाचला. कपाट आवरायला घेतलं, ते तसंच राहिलं. खिडकीशी उभा राहिलो. समोरच्या गॅरेजमध्ये कोणीतरी पत्रा ठोकत होता, मला उगाच राग आला की इतका आवाज कशाला. हॉस्पिटल तिथून चार किलोमीटर आहे.

मधेच वाटलं की फोन करावा. मग वाटलं, गादीच्या खोलीबाहेर कोणाच्या खिशात तो वाजला तर. नाही केला.

संध्याकाळी लेक आली. डोळे लाल, पण हसत होती. तांबडी उठली. टाके नीट पडले, दोन्ही कानांत मॅडमनी स्वतः बोळे घातले, आणि मग तासाहून जास्त वेळ सगळे नुसते उभे होते. मामा खुर्चीत, बाई जमिनीवर, मॅडम झडपेशी. कोणी खोकलंसुद्धा नाही. तांबडी छातीवर बसली, खूप वेळ तशीच बसून राहिली, आणि मग कुरणातून उठावी तशी एकदम उठली. चारही पायांवर. मॅडम तिथेच खाली बसल्या म्हणे.

मी विचारलं, माझी कोणी आठवण काढली का.

ती म्हणाली, हो, सुरू करायच्या आधी सगळ्यांनी विचारलं की बाबा कुठे आहेत. नक्की घरी आहेत ना म्हणून मॅडमनी दोनदा विचारलं. आहेत म्हटल्यावर मग पहिलं इंजेक्शन दिलं.

१० एप्रिल

ही परत आली. बॅग ठेवली, हातपाय धुतले, माझ्यासमोर बसली. म्हणाली, दादा तुम्हाला परत बोलावणार नाही आणि मी त्याला सांगणारही नाही. आधी जाऊन त्या बाईंची माफी मागा. काही समजावून सांगू नका. माफी मागा आणि या.

मी म्हटलं, नुसती माफी दोन शब्दांची होते, थोडी पार्श्वभूमी द्यावी लागेल.

तिने हात जोडले. थट्टेने नाही जोडले. मी बरं म्हटलं.

१२ एप्रिल

बाईंच्या तबेल्यावर गेलो. गाजरं नेली होती. वाटेत पाठ केलं: माझं चुकलं. पुढे काही नाही. पाठ करायला वेळ लागला, सारखं पुढे काहीतरी सुचत होतं.

बाई आत होत्या, तांबडीच्या अंगावरून ब्रश फिरवत. दोघींची पाठ माझ्याकडे. तांबडी गवत खात होती, सावकाश, मांडीला पट्टी, चारही पाय जमिनीवर. मला फार बरं वाटलं. तिला असं जागी, उभी, खाताना मी नीट कधी बघितलंच नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, कशी आहेस, तांबडे.

तिने तोंडातलं गवत टाकलं. अंगभर कापरं भरलं. मागे सरत सरत भिंतीला जाऊन लागली, मान वर, डोळे पांढरे, दुखरा पाय उचललेला. मी अजून दारातच होतो. तिने मला बघितलंही नव्हतं.

तिने आवाज ओळखला. वीस वर्षांत हजारो लोकांशी बोललो, एकालाही माझा आवाज लक्षात राहिल्याचं आठवत नाही.

बाईंनी तिचं डोकं छातीशी धरलं आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. नको, अशी. मी तोंडावर हात धरला. गाजरं दाराशी ठेवली, पिशवीचा कागद वाजू नये म्हणून पिशवीतच ठेवली. बाहेर येऊन फाटकाची कडी दोन्ही हातांनी धरून सावकाश लावली. कोपऱ्यापर्यंत पाय न वाजवता चाललो.

घरी हिने विचारलं, मागितलीत का माफी.

नाही मागितली. मागायची तर बोलावं लागलं असतं.